मॅश टनसाठी तांब्याचा मॅनिफोल्ड घरच्या घरी कसा बनवायचा

माल्ट एक्स्ट्रॅक्टचे (माल्टच्या तयार अर्काचे) डबे सोडून थेट धान्यापासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या माल्टपासून, बिअर करायला निघालेल्याला पहिली अडचण येते ती मॅश टनची, म्हणजे दळलेलं धान्य गरम पाण्यात भिजवायच्या (मॅश करायच्या) भांड्याची. त्यासाठी कूलर, म्हणजे गरम-थंड टिकवणारी जाड भिंतींची पेटी, बाजारात मिळतो, नळ मिळतो, पण धान्य आत ठेवून फक्त गोड वर्ट (धान्यातली साखर उतरलेलं पाणी) बाहेर काढायची सोय आपल्यालाच करावी लागते. त्यासाठी खाचा पाडलेल्या नळ्यांची एक चौकट कूलरच्या तळाशी बसवतात. हाच मॅनिफोल्ड. अर्ध्या दिवसात होणारं काम आहे, वेल्डिंग नाही, सोल्डरिंगही नाही.

आधी कायद्याचं. हा लेख अमेरिकेतल्या मराठी मंडळींना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. तिथे १९७८ साली झालेल्या केंद्रीय कायद्याने घरगुती वापरासाठी बिअर करायला मोकळीक मिळाली: घरात एक सज्ञान व्यक्ती असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन. विकता येत नाही. राज्याचे आणि काउंटीचे नियम वेगळे असू शकतात, ते बघून घ्या. महाराष्ट्रात मात्र १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे आणि त्यात घरची बिअरही आली. पुण्यातल्या फ्लॅटच्या गॅलरीत हा प्रयोग करू नका.

आता मुद्द्याची गोष्ट, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. मॅनिफोल्ड म्हणजे गाळणी नव्हे. गाळायचं काम माल्टचं तूस करतं. दळलेल्या धान्याचा थर खाली बसला की तुसांची जाळी तयार होते आणि वर्ट तिच्यातून गाळला जातो. मॅनिफोल्डने फक्त तळाच्या सगळ्या भागांतून सारख्या प्रमाणात द्रव ओढायचा असतो. हे लक्षात आलं की ‘खाचा अजून बारीक करू का, वर जाळी गुंडाळू का’ हे प्रश्न पडत नाहीत. नळ्या कुठे ठेवायच्या हाच खरा प्रश्न उरतो.

१. कूलर निवडा

५ गॅलनच्या, म्हणजे सुमारे १९ लिटरच्या बॅचला साधारण ५ किलो माल्ट लागतं. किलोला ३ लिटर पाणी धरलं तर १५ लिटर पाणी. भिजलेलं धान्य किलोमागे सुमारे पाऊण लिटरपेक्षा थोडी कमी जागा खातं, म्हणजे एकूण घोळ १८–१९ लिटर. याच्या दुप्पट-अडीचपट मावेल असा कूलर घेतला की कडक बिअरलाही तोच पुरतो. ४८ ते ५२ क्वार्टचा आयताकृती कूलर किंवा १० गॅलनचा उभा गोल कूलर, दोन्ही चालतात.

धान्याचा थर निदान १० सेंमी तरी जाड असायला हवा, २० च्या पुढे असेल तर उत्तम. फार मोठा कूलर घेतला तर थर पातळ पसरतो, तुसांची जाळी नीट बनत नाही आणि वर्ट गढूळ येतो. ‘पुढे लागेल’ म्हणून ७० क्वार्टचा कूलर उचलणं हे नवशिक्याचं ठरलेलं पाऊल. ते टाळा.

खाली उदाहरण आयताकृती कूलरचं घेतलं आहे, कारण त्यात विचार जास्त करावा लागतो.

२. सामान आणि हत्यारं

- तांब्याची अर्धा इंची नळी, १० फूट. प्रत्यक्षात १५० सेंमीच्या आसपास लागते. ५ फुटी नळी अगदी काठावर पुरते आणि एक काप चुकला की परत दुकानात जावं लागतं. लाल अक्षरांची ‘एम’ प्रकारची नळी पातळ आणि स्वस्त असते, तीच घ्या. निळ्या अक्षरांची ‘एल’ जाड, कापायला उगाच कष्ट.
- अर्धा इंची तांब्याचे ९० अंशांचे एल्बो (कोपऱ्याचे जोड) ४, टी (तीन तोंडांचे जोड) ३
- एक टोक आट्याचं, एक टोक नळीचं असा अर्धा इंची फिमेल अडॅप्टर १
- स्टेनलेसचा अर्धा इंची निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला नळीचा छोटा तुकडा) १
- अर्धा इंची बॉल व्हॉल्व्ह (हाच आपला नळ) १ आणि त्यावर बसणारा होज बार्ब (सिलिकॉनची नळी अडकवायचं तोंड) १
- निपलवर बसणारे स्टेनलेसचे सपाट वॉशर ४–५
- सिलिकॉनचं जाड वॉशर किंवा ओ-रिंग २, टेफ्लॉन टेप
- अर्धा इंच आतल्या व्यासाची, उष्णता सोसणारी सिलिकॉनची नळी, दीड मीटर

हत्यारं: हॅक्सॉ आणि त्याची इंचाला ३२ दात असलेली पाती, नळी कापायचा छोटा कटर, गोल कानस, नळी साफ करायचा तारेचा ब्रश, दोन पाने, मोजपट्टी, मार्कर.

निपलची लांबी अंदाजाने घेऊ नका. कूलरची भिंत भोकापाशी किती जाड आहे ते मोजा, त्यात वॉशरांची जाडी मिळवा आणि दोन्ही बाजूंच्या आट्यांसाठी मिळून अडीच सेंमी धरा. निपल अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकाने मिळतात. थोडा लांब घ्या, उरलेली पोकळी जादा वॉशरांनी भरून काढता येते. आखूड निपलला इलाज नाही.

तांब्याऐवजी सीपीव्हीसी (गरम पाण्यासाठीचं प्लॅस्टिक) वापरलं तरी चालतं. त्याची अर्धा इंची नळी बाहेरून तांब्याच्याच मापाची असते, कापायला सोपी असते आणि ती सुमारे ९३ अंश सेल्सियसपर्यंत टिकते. पांढरं साधं पीव्हीसी मात्र अजिबात नको. त्याची मर्यादा ६० अंशांची आणि मॅश असतो ६५ ते ६८ अंशांवर. ती नळी मऊ पडते, धान्याच्या भाराखाली वाकते. दुकानात दोन्ही शेजारीशेजारी असतात. सीपीव्हीसीचा रंग पिवळट असतो, तरी नळीवरची अक्षरं वाचूनच घ्या.

३. पितळेवरचं शिसं काढा

बॉल व्हॉल्व्ह स्टेनलेसचा असेल तर ही पायरी सोडा. पितळेचा असेल तर त्याच्या पृष्ठभागावर किंचित शिसं असू शकतं. दोन भाग पांढरा व्हिनेगर आणि एक भाग औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र करा आणि पितळेचे सुटे भाग त्यात ५ ते १० मिनिटं बुडवा. पितळ लोण्यासारखं पिवळं दिसू लागलं की लगेच काढा आणि धुवा. पाणी हिरवं व्हायला लागलं तर फार वेळ झाला. आता आतलं तांबं विरघळतंय आणि नवं शिसं उघडं पडतंय. ते द्रावण फेका, ताजं करून पुन्हा थोडा वेळ बुडवा.

४. आराखडा काढा

इथे घाई करू नका. कूलरची आतली भिंत गुळगुळीत असते, तिच्या कडेने पाण्याला खाली उतरायला धान्यापेक्षा कमी अडथळा असतो. नळी भिंतीला खेटून ठेवली की स्पार्जचं पाणी (उरलेली साखर धुऊन काढायला वरून सोडलेलं गरम पाणी) धान्यातून न जाता भिंतीवरून सरळ घसरतं आणि साखर धान्यातच राहते. म्हणून नियम असा: दोन नळ्यांमध्ये जेवढं अंतर, त्याच्या निम्मं अंतर कडेची नळी आणि भिंत यांच्यात.

कूलरचा तळ आतून मोजा. वरचं माप घेऊ नका, भिंती खाली निमुळत्या होत जातात. समजा तळ ५० बाय २७ सेंमी भरला. तीन लांब नळ्या टाकायच्या तर २७ भागिले ३, म्हणजे नळ्यांमध्ये ९ सेंमी आणि भिंतीपासून साडेचार. एका लांब भिंतीपासून मोजत गेलात तर नळ्यांचे मध्य ४.५, १३.५ आणि २२.५ सेंमीवर येतील. मागच्या आखूड भिंतीपासूनही साडेचार सेंमी सोडा. पुढच्या, नळाकडच्या बाजूला किती सुटेल हे अडॅप्टर आणि टीची लांबी ठरवते. बहुधा ६–७ सेंमी सुटतात. चालतं.

आता जोडणी. नळ पुढच्या भिंतीच्या मध्यावर आहे असं धरू. अडॅप्टरमधून छोटा तुकडा निघतो तो पहिल्या टीमध्ये. या टीची सरळ बाजू कूलरच्या लांबीच्या दिशेने आणि फाटा डावीकडे. तिला लगेच लागून दुसरी टी, फाटा उजवीकडे. दुसऱ्या टीच्या पुढे मधली लांब नळी. डाव्या-उजव्या फाट्यांना एल्बो लावून दोन कडेच्या नळ्या मागे जातात, आणि मागच्या बाजूला दोन एल्बो व तिसरी टी यांच्या साह्याने तिन्ही नळ्या जोडल्या जातात. दोन टी एकामागे एक असल्यामुळे उजवी नळी डावीपेक्षा ४–५ सेंमी आखूड पडेल. चार तोंडांचा क्रॉस मिळाला तर हा फरक टळतो, पण तांब्यात तो सहज मिळत नाही आणि एवढ्या फरकाने काही बिघडतही नाही.

मागची बाजू जोडायची काय गरज, तिथे तीन टोप्या लावल्या तर? द्रव वाहायला काहीच अडचण नाही. पण सुटी नळी ढवळताना गरकन फिरते आणि खाचा वर होतात. बंद चौकट फिरत नाही.

गोल कूलरला एवढा खटाटोप लागत नाही. गोल तळात बसेल अशा चौकोनी चौकटीला हेच अंतराचे नियम लावा, किंवा मऊ गुंडाळी मिळते त्या तांब्याच्या नळीचं कडं करा. कडं भिंत आणि मध्य यांच्या साधारण अधेमधे यावं, भिंतीला टेकून नाही.

५. नळ्या कापा

फिटिंगच्या आत नळी अर्धा इंच जाते. त्यामुळे चारही एल्बो आणि तिन्ही टी आराखड्याप्रमाणे कूलरच्या तळावर मांडा, दोन फिटिंगच्या तोंडांमधलं अंतर मोजा आणि त्यात १ इंच मिळवा. तेवढा तुकडा. कागदावरचं गणित बरोबर असलं तरी कंपनीगणिक एल्बोची लांबी थोडी बदलते, म्हणून मांडून मोजणंच खात्रीचं. एक तुकडा कापा, बसवा, मग पुढचा मोजा.

कटरने कापलं की नळीचं तोंड आतल्या बाजूला किंचित दुमडतं. गोल कानशीने ते साफ करा.

६. खाचा पाडा

खाचा फक्त तीन लांब नळ्यांना पाडायच्या. पुढच्या आडव्या तुकड्यांना अजिबात नाही. ते नळाच्या अगदी जवळ असतात, खाचा असल्या तर सगळा ओढा तिथूनच होतो.

दर १२–१३ मिमीवर (अर्ध्या इंचावर) मार्करने खूण करा. नळी बाहेरून सुमारे १६ मिमी असते, खाच ५ ते ६ मिमी खोल पाडा. निम्म्याच्या पुढे गेलात तर नळी कमकुवत होते आणि धुताना वाकते. ३२ दातांच्या पात्याने पडलेली खाच मिलिमीटरच्या आतबाहेर रुंद असते, तेवढीच हवी. जाड पात्याने किंवा ग्राइंडरच्या चकतीने रुंद खाचा पडतात, त्यांतून पीठ खाली येतं.

नळी शिकंज्यात थेट आवळू नका, चपटी होते. लाकडाच्या ठोकळ्यात नळी बसेल एवढी खोबण करून त्यात ठेवा. सगळ्या खाचा एका रेषेत यायला हव्यात, नाहीतर बसवताना काही खाली आणि काही बाजूला तोंड करून राहतात. त्यासाठी आधी नळीच्या लांबीभर एक सरळ रेष मारून घ्या.

तिन्ही नळ्या मिळून ८०–९० खाचा होतात. हात भरून येतात, पण खरं कंटाळवाणं काम पुढे आहे. प्रत्येक खाचेच्या आतल्या कडेला तांब्याचे धारदार कंगोरे राहतात. बोट घालून बघू नका, कापेल. तारेचा ब्रश नळीतून आरपार चार-पाच वेळा ओढा, उलट्या दिशेनेही ओढा, नळी आपटून चुरा पाडा आणि उजेडाकडे धरून आत बघा. कंगोरे राहिले तर पहिल्याच मॅशमध्ये त्यांत तुसाचे तुकडे अडकतात आणि नळी आतून भरत जाते. तिथे नंतर ब्रशही नीट जात नाही.

७. नळ बसवा

कूलरचा मूळ नळ काढा. भोकाच्या दोन्ही बाजू पुसून कोरड्या करा. क्रम असा, बाहेरून आत: बॉल व्हॉल्व्ह, सपाट वॉशर, सिलिकॉन वॉशर, कूलरची भिंत, सिलिकॉन वॉशर, सपाट वॉशर, फिमेल अडॅप्टर. या सगळ्यांतून निपल आरपार. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे तीन-चार वेढे द्या. आटे तुमच्याकडे तोंड करून धरले तर वेढे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने.

हाताने घट्ट झाल्यावर पान्याने अर्धा वेढा, फार तर पाऊण. सिलिकॉन दाबलं गेलं पाहिजे, फुगून बाहेर येता कामा नये. जास्त आवळलं तर कूलरचं आतलं प्लॅस्टिक तडकतं, मग कूलरच बदलावा लागतो. कूलरच्या दोन थरांमधला फोम ओला झाला की वास मारतो, म्हणून गळती फक्त बाहेरून नाही, आतल्या वॉशरपाशीही तपासा.

८. चौकट जोडा

फिटिंग नुसती दाबून बसवा. सोल्डर करू नका. सोल्डर केलेली चौकट उघडता येत नाही आणि आत अडकलेलं धान्य कुजतं. शिवाय जुन्या डब्यातलं प्लंबिंगचं सोल्डर शिशाचं असू शकतं. जोडांमधून थोडा वर्ट आत शिरला तर शिरू द्या, तसाही तो आतच जायचा आहे.

अपवाद एकच: अडॅप्टर ते पहिली टी हा तुकडा. भोक तळापेक्षा थोडं वर असतं, त्यामुळे शेवटचा वर्ट सायफनने वर ओढला जातो आणि या जोडातून हवा शिरली की सायफन तुटतो. त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना टेफ्लॉनचा एक-दीड वेढा देऊन दाबून बसवा.

खाचा खाली तोंड करून. वर केल्या तर धान्य सरळ आत शिरतं आणि तळाशी वर्ट साचून राहतो. भोक चौकटीपेक्षा सेंटिमीटरभरच वर असेल तर चौकट पुढून किंचित उचललेली राहील, हरकत नाही. फरक जास्त असेल तर मध्ये ४५ अंशांचे दोन एल्बो टाकून पायरी करा.

९. पाण्याने चाचणी

धान्य टाकायच्या आधी ८ लिटर साधं पाणी ओता, नळी खालच्या बादलीत सोडा आणि व्हॉल्व्ह उघडा. प्रवाह थांबल्यावर आत उरलेलं पाणी मगाने काढून मोजा. अर्धा लिटर उरलं तर छान. लिटरच्या वर उरलं तर सायफन तुटतोय; अडॅप्टरचा जोड बघा आणि बाहेरची नळी कूलरच्या तळापेक्षा खाली लोंबतेय ना तेही बघा. हा आकडा लिहून ठेवा. धान्य किलोमागे लिटरभर पाणी धरून ठेवतं, त्यात हा आकडा मिळवला की स्पार्जला किती पाणी लागेल ते कळतं.

मग ७५ अंशांचं पाणी भरून तासभर ठेवा आणि गळती पुन्हा तपासा. थंड पाण्यात न गळणारा जोड गरम झाल्यावर गळू शकतो. उकळतं पाणी मात्र ओतू नका, आतला थर फुगतो.

१०. पहिला मॅश

कूलर आधी गरम पाण्याने तापवून घ्या. धान्य २० अंशांवर, पाणी किलोमागे ३ लिटर आणि मॅश ६७ अंशांवर हवा असेल तर ओतायचं पाणी सुमारे ७३–७४ अंशांचं लागतं. आधी पाणी, मग धान्य थोडं थोडं. ढवळताना पळी तळावर घासू नका, चौकट सुटते.

माल्ट दळून घेताना रोलरमधली फट १ मिमीच्या आसपास असू द्या. तूस अख्खं राहिलं पाहिजे, आतला दाणा फुटला पाहिजे. पिठासारखं दळलेलं धान्य कुठल्याही मॅनिफोल्डमधून वाहत नाही. गव्हाचं माल्ट निम्म्याच्या वर असेल तर गव्हाला तूस नसतं हे लक्षात ठेवून ५ किलोला पाव किलोभर भाताचं तूस मिसळा.

तासाभराने व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडा. पहिले २–३ लिटर गढूळ येतील, ते भांड्यात घेऊन हळूच वर परत ओता. स्वच्छ यायला लागलं की कढईत सोडा. व्हॉल्व्ह एकदम पूर्ण उघडला की धान्याचा थर खाली ओढला जाऊन दाबला जातो आणि प्रवाह बंद पडतो. मॅनिफोल्डला दोष दिला जातो, पण बहुतेक वेळा कारण हेच असतं. तसं झालं तर व्हॉल्व्ह बंद करा, बाहेरच्या नळीतून थोडं गरम पाणी उलटं सोडा, थर ढवळा, ५–१० मिनिटं बसू द्या आणि गढूळ वर्ट परत ओतण्यापासून पुन्हा सुरू करा.

स्पार्जचं पाणी ७५–७७ अंशांच्या वर नको, तुसांतला तुरटपणा उतरतो. वरून सतत पाणी सोडत स्पार्ज करणार असाल तर मिनिटाला अर्धा लिटर वेग ठेवा. एकदम पाणी ओतून, ढवळून काढणार असाल तर नळ्यांच्या अंतराचं वर सांगितलेलं गणित थोडं चुकलं तरी फरक पडत नाही, कारण ढवळल्याने साखर सगळीकडे सारखी होते. सतत स्पार्जमध्ये मात्र ते गणित पुरतं वसूल होतं.

चौकट नीट काम करते का हे कळायला यंत्र लागत नाही. सगळा वर्ट निघाल्यावर चोथ्याकडे बघा: भिंतीलगत चिरा किंवा नळीच्या रेषेवर खळगे असतील तर पाण्याने तिथून पळवाट काढली. मग चारही कोपऱ्यांतला आणि मधला चमचाभर चोथा चाखा. सगळीकडे सारखाच फिका लागला तर उत्तम. एखादा कोपरा गोड लागला तर साखर तिथे अडकून राहिली. त्या बाजूची नळी भिंतीपासून मोजा, तिच्या खाचा वर फिरल्या आहेत का बघा, बुजल्या असतील तर ब्रश फिरवा.

११. धुणं

त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी चोथा आंबतो आणि वास कूलरच्या प्लॅस्टिकमध्ये बसतो. चौकट पूर्ण सुटी करा, नळ्या वाहत्या गरम पाण्याखाली धरून ब्रश फिरवा, उपड्या करून वाळवा. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून कूलर वाळवा. बंद ठेवला तर आत थोडा वर्ट राहतोच.

तांबं काळपट-तपकिरी पडेल, ते घासून चकचकीत करू नका. हिरवा थर आला तर मात्र व्हिनेगरने काढून धुतल्याशिवाय वापरू नका. ब्लीच तांब्यावर कधीच नको. निर्जंतुक करायची गरज नाही, वर्ट पुढे तासभर उकळणारच आहे.